कर्बोदके कमी करण्याची लाट आणि सायकलपटूचा आहार

वजन घटविण्यासाठी भात, पोळी, बटाटा आणि साखर वर्ज्य करण्याचा सल्ला आज सर्वत्र ऐकू येतो. मधुमेह आणि स्थूलता या दोन व्याधींनी शहरी मध्यमवर्गाला ग्रासले असताना त्या सल्ल्यात तथ्य नाही, असे कोणी म्हणणार नाही. मात्र हाच मध्यमवर्ग अलीकडच्या काळात मोठ्या संख्येने सायकलीकडे वळला आहे. रविवारी पहाटे शंभर किलोमीटरची रपेट करणारा आणि सोमवारपासून ताटातील भाकरी बाजूला सारणारा माणूस बहुधा एकच असतो. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या शरीरासाठी सुचविलेला आहार तीन-चार तास पेडल मारणाऱ्या शरीराला कितपत पुरेसा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे खर्ची घातली आहेत. त्यांपैकी बरेचसे प्रयोग सायकलीवरच झाले, हा योगायोग नव्हे. सायकलीवर श्रमाचे मोजमाप अचूक करता येते आणि थकवा नेमका केव्हा आला, हेही निश्चित सांगता येते.

लाटेचा पूर्वेतिहास

कमी कर्बोदकांचा आहार ही नवी कल्पना नाही. लंडनमधील अंत्यविधीचे व्यावसायिक विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये आपल्या स्थूलतेविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडल्यावर आपले वजन कसे उतरले, याची हकिकत तीत होती. पुस्तिका इतकी गाजली, की त्यांच्या आडनावावरून स्वीडिश भाषेत आहारनियंत्रणासाठी रूढ झालेले क्रियापद आजही वापरात आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी अतिस्निग्ध आहार सुचविला आणि त्याला 'कीटोजेनिक' हे नाव दिले. आज 'कीटो' या नावाने घरोघरी पोहोचलेल्या आहाराचे मूळ अशा रीतीने वैद्यकीय उपचारात आहे.

या विचाराला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले ते न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी. त्यांचे पहिले पुस्तक १९७२ मध्ये आले. आहाराच्या पहिल्या टप्प्यात दिवसाला सुमारे २० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे एका केळ्याहूनही कमी, असा त्यांचा दंडक होता. २००३ च्या सुमारास अमेरिकेत या आहाराची लाट टिपेला पोहोचली. त्याच वर्षी डॉ. अ‍ॅटकिन्स यांचे निधन झाले आणि २००५ मध्ये त्यांच्या कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. लाट ओसरली, परंतु नव्या नावांनी परत येत राहिली. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. ती कमी कर्बोदकांची पद्धत नव्हे. मात्र इन्शुलिनचे प्रमाण आटोक्यात ठेवण्याचा विचार दोन्हींच्या मुळाशी असल्याने सामान्य वाचक अनेकदा त्यांची गल्लत करतो.

कमी कर्बोदकांच्या आहाराने वजन घटते, हे खरे आहे. पहिल्या आठवड्यातील घट विशेष डोळ्यांत भरते, कारण शरीरात साठविलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि साठा रिकामा होताना ते पाणीही निघून जाते. दीर्घ मुदतीत मात्र चित्र बदलते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अ‍ॅटकिन्स आहार सहा महिन्यांपर्यंत सरस ठरला, परंतु वर्षअखेर फरक उरला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ६०९ जणांच्या अभ्यासात वर्षभरानंतर कमी स्निग्धांच्या गटाची सरासरी घट ५.३ किलो, तर कमी कर्बोदकांच्या गटाची ६ किलो होती. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या नगण्य होता. मधुमेहींच्या बाबतीत रक्तशर्करा सुधारण्यासाठी कर्बोदके कमी करण्याचा उपयोग अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१९ मध्ये मान्य केला. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि तीही बहुतांशी पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये व साखरेतून, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये समोर आले. बैठे काम करणाऱ्याने ताटातील भाताचा ढीग कमी करावा, या सल्ल्याला म्हणूनच आधार आहे. प्रश्न उरतो तो श्रम करणाऱ्याचा.

शरीरातील दोन कोठारे

स्नायूंना इंधन पुरविणारी दोन मुख्य कोठारे शरीरात असतात. पहिले ग्लायकोजेनचे. खाल्लेल्या कर्बोदकांचे ग्लुकोज होते आणि त्यातील जादा भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम एवढीच या कोठाराची क्षमता. ऊर्जेच्या हिशेबात हा साठा सुमारे दोन हजार कॅलरींचा. दुसरे कोठार चरबीचे. सत्तर किलो वजनाच्या सडपातळ सायकलपटूच्या अंगावरही आठ-दहा किलो चरबी असते आणि तिच्यात ७० हजारांहून अधिक कॅलरी सामावलेल्या असतात.

पहिले कोठार लहान आणि दुसरे जवळजवळ अक्षय असताना शरीराने दुसऱ्यावरच का भागवू नये? कमी कर्बोदकांच्या पुरस्कर्त्यांचा हाच मुख्य युक्तिवाद आहे आणि वरकरणी तो बिनतोड वाटतो. अडचण साठ्याची नसून पुरवठ्याच्या वेगाची आहे. चरबीपासून ऊर्जा मिळते ती सावकाश आणि तिला प्राणवायूही अधिक लागतो. एक लिटर प्राणवायू खर्चून कर्बोदकांपासून सुमारे ५ कॅलरी मिळतात, तर चरबीपासून सुमारे ४.७. हा फरक अल्प दिसतो. परंतु चढावर धाप लागलेली असताना, फुप्फुसे आणि हृदय आपल्या मर्यादेवर काम करीत असताना, श्वासागणिक मिळणारी ऊर्जाच वेग ठरविते.

सपाट रस्त्यावर गप्पा मारत सायकल चालविणाऱ्याच्या इंधनात चरबीचा वाटा मोठा असतो. वेग वाढला, घाट लागला किंवा समोरच्याला गाठायचे असले, की शरीर कर्बोदकांकडे वळते. प्राणवायू ग्रहण करण्याच्या कमाल क्षमतेच्या साधारण ५० ते ६५ टक्के पातळीपर्यंत चरबीचे ज्वलन वाढत जाते. त्यापलीकडे ते उतरू लागते.

प्रयोगशाळेतील सायकल

ही गोष्ट सर्वप्रथम काटेकोरपणे मोजली कोपनहेगनचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत स्थिर सायकलीवर श्रम करणाऱ्यांना कधी कर्बोदकयुक्त, तर कधी स्निग्ध आहार देण्यात आला. केवळ चरबीवर चालणाऱ्या शरीराची कार्यक्षमता सुमारे १० टक्क्यांनी कमी भरली आणि तेच काम अधिक कष्टाचे वाटले. पुढे १९३९ मध्ये क्रिस्टेन्सेन आणि हॅन्सन या स्कँडिनेव्हियन संशोधकांनी दाखवून दिले, की कर्बोदकयुक्त आहार घेतलेले लोक स्निग्ध आहार घेतलेल्यांच्या दुपटीहून अधिक काळ सायकल चालवू शकतात.

असे का होते, हे स्नायूच्या आत डोकावल्याशिवाय कळणार नव्हते. स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रोम यांनी १९६२ मध्ये स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढण्याची सुई वापरात आणली. १९६६ मध्ये त्यांनी आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने, पूर्ण थकवा येईपर्यंत पेडल मारले. नंतर तीन दिवस भरपूर कर्बोदके खाल्ली. श्रम केलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या दुपटीहून अधिक झाला. शर्यतीपूर्वी कर्बोदकांचा साठा वाढविण्याची रीत या शोधातून जन्मली.

त्यानंतरच्याच वर्षी, १९६७ मध्ये, या गटाने केलेला प्रयोग क्रीडापोषणाच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. एकाच तीव्रतेने सायकल चालविणारे लोक मिश्र आहारावर सरासरी ११४ मिनिटांत थकले. प्रथिने व स्निग्धांच्या आहारावर ते ५७ मिनिटांतच थांबले. कर्बोदकयुक्त आहारावर मात्र १६७ मिनिटे टिकले. स्नायूंतील ग्लायकोजेन संपण्याची वेळ आणि थकून थांबण्याची वेळ बहुतांशी एकच निघाली.

श्रम चालू असताना खाल्ल्याने काय होते, याचे उत्तर टेक्सास विद्यापीठातील एडवर्ड कॉइल यांच्या गटाने १९८६ मध्ये दिले. प्रशिक्षित सायकलपटू केवळ चव घातलेले पाणी घेऊन सुमारे तीन तासांत थकले. तेच सायकलपटू ग्लुकोजयुक्त पेय घेत सुमारे चार तास चालवीत राहिले. पेयातील कर्बोदकांनी एका तासाची भर घातली.

दुसऱ्या बाजूचा पुरावा

या निष्कर्षांना आव्हान देणारे संशोधनही झाले असून ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. जुन्या प्रयोगांवरचा मुख्य आक्षेप असा, की शरीराला चरबीची सवय होण्यास काही आठवडे लागतात आणि त्या प्रयोगांत केवळ काही दिवसच देण्यात आले. डॉ. स्टीफन फिनी यांनी १९८३ मध्ये पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांवर ठेवले. मध्यम तीव्रतेने सायकल चालविताना थकव्यापर्यंतचा वेळ आधी सरासरी १४७ मिनिटे होता, नंतर १५१ मिनिटे झाला. म्हणजे सवयीनंतर सहनशक्ती टिकून राहिली. मात्र पाचांपैकी काहींची वेळ वाढली, तर काहींची घटली. सरासरीच्या आकड्यात हा फरक झाकला जातो. शिवाय ही तीव्रता कमाल क्षमतेच्या ६५ टक्क्यांच्या आतली होती. शर्यतीत निर्णायक ठरणारे चढ आणि धाव त्यात नव्हतेच.

२०१६ मध्ये अमेरिकेतील जेफ व्होलेक आणि सहकाऱ्यांनी अतिदीर्घ पल्ल्याच्या धावपटूंची तुलना केली. दीर्घकाळ कमी कर्बोदकांवर राहिलेले धावपटू मिनिटाला सरासरी १.५४ ग्रॅम चरबी जाळत होते. कर्बोदके खाणाऱ्यांचा आकडा ०.६७ होता. हा वेग पूर्वी अशक्य मानला जात असे. तासाला आठशेहून अधिक कॅलरी चरबीतून मिळत असतील, तर संथ गतीने दिवसभर चालणाऱ्याला वाटेत फारसे खाण्याची गरज भासणार नाही, हे मान्य करावे लागते.

या वादातील सर्वांत गाजलेले नाव दक्षिण आफ्रिकेचे प्राध्यापक टिम नोक्स यांचे. धावपटूंसाठी लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथाने एका पिढीला कर्बोदकांचे महत्त्व पटविले होते. २०१० नंतर त्यांनी आपली भूमिका पूर्णपणे बदलली आणि कमी कर्बोदकांचा हिरिरीने प्रचार सुरू केला. विशेष म्हणजे त्याआधी, २००६ मध्ये, केप टाउनमधील ज्या अभ्यासाने या आहाराची मर्यादा उघड केली, त्याच्या लेखकांत नोक्स यांचाही समावेश होता.

वेग वाढतो तेव्हा

केप टाउनच्या त्या अभ्यासात सायकलपटूंना सहा दिवस अतिस्निग्ध आहार आणि नंतर एक दिवस कर्बोदके देऊन शंभर किलोमीटरची चाचणी घेण्यात आली. चाचणीत अधूनमधून एक किलोमीटरच्या वेगवान धावा ठेवल्या होत्या. एकूण वेळेत लक्षणीय फरक पडला नाही, परंतु त्या एक किलोमीटरच्या धावांत लावलेली शक्ती घटली. त्याच वर्षी कॅनडातील ट्रेंट स्टेलिंगवर्फ आणि सहकाऱ्यांनी कारण शोधले. स्निग्ध आहाराची सवय लागलेल्या स्नायूंत कर्बोदकांना ज्वलनाच्या भट्टीकडे नेणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे कार्य मंदावते. ग्लायकोजेन कोठारात असते, पण त्याचे दार अर्धवट लोटलेले राहते.

ऑस्ट्रेलियन क्रीडासंस्थेत लुईस बर्क यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर झाला. तीन आठवड्यांच्या कसून सरावानंतर कर्बोदके घेणाऱ्या गटाची दहा किलोमीटरची वेळ ६.६ टक्क्यांनी सुधारली. कमी कर्बोदकांच्या गटाची चरबी जाळण्याची क्षमता पुष्कळ वाढली, पण ठरावीक वेगासाठी लागणारा प्राणवायूही वाढला आणि कामगिरी सुधारलीच नाही. २०२० मध्ये पुन्हा केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तोच निघाला.

रस्त्यावरची परीक्षा

साठा संपल्यावर सायकलपटूची जी अवस्था होते तिला इंग्रजीभाषक 'बाँक' म्हणतात, तर फ्रेंच सायकलपटू 'फ्रँगाल'. हातपाय गळतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, साधे निर्णयही सुचेनासे होतात. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज असल्याने हे घडते. धावत्या रस्त्यावर, उतारावर किंवा अवजड वाहनांच्या गर्दीत ही अवस्था केवळ पराभवाची नव्हे, तर अपघाताचीही ठरू शकते.

अव्वल खेळाडूही तिला अपवाद नाहीत. २०१३ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत अठराव्या टप्प्यावर, आल्प द्युएझच्या अखेरच्या चढावर, आघाडीवर असलेले ब्रिटनचे ख्रिस फ्रूम यांची रक्तशर्करा घसरली. सहकारी रिची पोर्ट यांनी संघाच्या मोटारीतून साखरेची जेल आणून दिली. शेवटच्या किलोमीटरांत अन्न घेण्यास मनाई असल्याने दोघांनाही २० सेकंदांचा दंड झाला. फ्रूम यांनी तो पत्करला, कारण न खाल्ल्याने त्याहून अधिक वेळ गमवावा लागला असता. पाच वर्षांनंतर, २५ मे २०१८ रोजी, इटलीच्या जिरो शर्यतीत त्यांनी कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या घाटावरून सुमारे ८० किलोमीटर एकट्याने आघाडी घेऊन शर्यतीचे पारडे फिरविले. त्या दिवशी त्यांच्या संघाने चढावर ठिकठिकाणी अन्नपाणी घेऊन माणसे उभी केली होती.

हे प्रमाण किती प्रचंड असते, याची कल्पना १९८८ च्या टूर द फ्रान्समध्ये डच संशोधकांनी केलेल्या मोजणीवरून येते. पाच सायकलपटू दिवसाला सरासरी सहा हजारांच्या आसपास कॅलरी घेत होते. त्यांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येत आणि जवळजवळ निम्मे अन्न सायकलीवर बसूनच खाल्ले जाई.

किती आणि केव्हा

हौशी सायकलस्वाराला एवढ्या अन्नाची गरज नसते. त्याची गरज श्रमानुसार बदलते. अमेरिका आणि कॅनडातील आहारतज्ज्ञांच्या व क्रीडावैद्यकाच्या संघटनांनी २०१६ मध्ये संयुक्तपणे दिलेल्या शिफारशी याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. हलक्या व्यायामाच्या दिवशी शरीराच्या प्रत्येक किलोमागे ३ ते ५ ग्रॅम, तासभराच्या मध्यम सरावाला ५ ते ७ ग्रॅम, दिवसाला एक ते तीन तासांच्या कसून सरावाला ६ ते १० ग्रॅम आणि चार-पाच तासांहून अधिक श्रमांना ८ ते १२ ग्रॅम कर्बोदके असावीत. सत्तर किलोच्या माणसाला विश्रांतीच्या दिवशी २१० ग्रॅम पुरतील, तर दीर्घ रपेटीच्या दिवशी ५६० ग्रॅमही लागू शकतील. कीटो आहाराची मर्यादा दिवसाला २० ते ५० ग्रॅमची असते. तीन तासांच्या वेगवान रपेटीत तासाला ६० ग्रॅमप्रमाणे घ्यावयाची १८० ग्रॅम कर्बोदके ही त्या आहारातील किमान साडेतीन दिवसांची शिधा झाली.

पाऊण तासाच्या आतील व्यायामात वाटेत काही खाण्याची गरज नसते. तासाभराच्या जोरदार सरावात पेयाने नुसती चूळ भरली तरी फायदा होतो, असे बर्मिंगहॅम विद्यापीठातील प्रयोगात २००४ मध्ये आढळले. तोंडातील संवेदकांकडून मेंदूला मिळणारा संदेशच पायांना बळ देतो. एक ते अडीच तासांच्या रपेटीत तासाला ३० ते ६० ग्रॅम, तर त्याहून दीर्घ श्रमांत ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके घेता येतात.

साठ ग्रॅमच्या पुढे जाण्यासाठी एक अट आहे. आतड्यातून ग्लुकोज शोषणारी वाहिनी तासाला सुमारे ६० ग्रॅमवर तुडुंब होते. फ्रुक्टोजची वाहिनी वेगळी असल्याने दोन्ही एकत्र घेतल्यास अधिक साखर रक्तात पोहोचते. आस्कर युकेंड्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध केल्यानंतर क्रीडापेयांची घटना बदलली. २०२० नंतर तर काही व्यावसायिक सायकलपटू तासाला १२० ग्रॅमपर्यंत मजल मारू लागले. अर्थात एवढे पचविण्यासाठी पोटालाही पायांप्रमाणेच सराव द्यावा लागतो.

रपेटीनंतर लगेच पुन्हा श्रम करायचे असतील तर पहिले चार तास किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रतितास कर्बोदके घ्यावीत. दुसऱ्या दिवशी विश्रांती असेल तर एवढी घाई नको. प्रथिनांची दैनंदिन गरज किलोमागे १.२ ते २ ग्रॅम असते आणि शाकाहारी मराठी आहारात बहुधा तीच अपुरी पडते. डाळ, उसळ, दही, ताक, पनीर किंवा अंडी यांना प्रत्येक जेवणात स्थान मिळावे.

मराठी ताटातील इंधन

यासाठी परदेशी जेलची पाकिटे विकत घेणे अनिवार्य नाही. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम, तर वाटीभर शिजलेल्या भातातून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके मिळतात. शंभर ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात किंवा बटाट्यात ती २० ग्रॅमच्या आसपास असतात. घरातील साधी साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची समसमान जोडी आहे. गुळातही मुख्यतः तीच असते. अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबाचा रस घातला, की सहा टक्क्यांचे उत्तम पेय तयार होते. खजूर, राजगिऱ्याची वडी आणि गूळपोळीचे तुकडेही खिशात सहज मावतात.

तळलेले आणि तेलकट पदार्थ मात्र रपेटीपूर्वी टाळावेत. शेंगदाणे व तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी पिष्टमय असली तरी स्निग्धांमुळे जठरातून सावकाश उतरते. निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घेतलेले पोहे, उपमा किंवा मऊ भात अधिक सोयीचे. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी आणि कडधान्ये यांतील तंतू रोजच्या जेवणात हितकारक असतात, परंतु पहाटेच्या रपेटीच्या तोंडावर ते पोट जड करतात.

संथ आणि लांब पल्ल्याची वाट

महाराष्ट्रातील अनेक सायकलस्वार शर्यतींपेक्षा ब्रेव्हेकडे ओढले गेले आहेत. यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, तर ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावे लागतात. थांब्यांसह ताशी पंधरा किलोमीटरचा हा वेग चरबीच्या आवाक्यातला आहे. त्यामुळे कमी कर्बोदकांचा आहार कोठे निभावून जाऊ शकेल, तर तो येथेच. तथापि घाट, उलटा वारा आणि वेळेच्या अखेरीस करावी लागणारी घाई येथेही चुकत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघगटात 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची तीच स्पर्धा प्रत्येकी एकट्याने पार केली. अशा मोहिमांत बारा दिवस अखंड खाणे आणि खाल्लेले पचविणे, हीच पायांइतकी मोठी कसोटी असते.

दोन्ही विचारांचा मेळ घालणारी एक पद्धत अनेक प्रशिक्षक अवलंबितात. काही संथ सराव मुद्दाम कमी ग्लायकोजेनवर करावेत, म्हणजे स्नायूंना चरबी जाळण्याची सवय लागते. कठीण सराव आणि शर्यती मात्र भरल्या साठ्याने कराव्यात. न्याहारीपूर्वी तासभर सावकाश सायकल चालविणे हे या पद्धतीचे सोपे रूप होय. हे आठवड्यातून एक-दोनदाच करावे.

कोणी सावध राहावे

मधुमेहींनी याबाबत विशेष दक्षता घेतली पाहिजे. इन्शुलिन अथवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदके तोडून दीर्घ रपेट केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे घेणाऱ्यांना वेगळाच धोका संभवतो. अत्यल्प कर्बोदके, दीर्घ श्रम आणि निर्जलीकरण एकत्र आल्यास रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकते आणि मापकावरील समाधानकारक आकडा रुग्णाला गाफील ठेवतो. आहार बदलण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे आणि खिशात साखर बाळगणे, ही या मंडळींसाठी हेल्मेटइतकीच आवश्यक बाब आहे.

स्त्रिया आणि किशोरवयीन खेळाडूंसाठीही इशारा आहे. श्रमाच्या मानाने ऊर्जा कमी पडत राहिल्यास मासिक पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात, प्रतिकारशक्ती घटते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या विकारसमूहाला स्वतंत्र नाव दिले आणि तो पुरुषांतही आढळतो, हे स्पष्ट केले. सायकलिंगमध्ये शरीराचा भार हाडांवर पडत नसल्याने ती मुळातच बळकट होत नाहीत. त्यात उपासमारीची भर पडू नये. पाळी चुकणे, वारंवार आजारी पडणे, सराव वाढूनही वेग मंदावणे आणि झोप उडणे ही लक्षणे दिसल्यास पिष्टमय पदार्थ आणखी कमी करण्याऐवजी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

कर्बोदकांचा प्रश्न अशा रीतीने तत्त्वाचा नसून प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. बैठ्या दिवशी भाताची मूद लहान असावी, साखरेचा चहा एखादा कमी व्हावा, डाळ-भाजीचा वाटा वाढावा. घाटाच्या दिवशी मात्र न्याहारी पोटभर असावी, खिशात केळी असावीत आणि भूक लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने काही तरी खावे. वजन घटवायचे असेल तर त्यासाठी आठवड्यातील इतर दिवस मोकळे आहेत. सायकलीवर बसलेला माणूस त्या वेळेपुरता तरी श्रमिक असतो आणि त्याचे ताट श्रमिकाचेच असले पाहिजे.